चौथं कडवं

"विमान गेलं की मी हात खाली करीन. मग सुरू करा," चंद्रप्रकाश म्हणाला.

वनमालाने मान हलवली. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. तिचा धाकटा दीर लवू ढोलकीवर बोटं टेकवून बसला होता. छताला घासून जावं तसं विमान गेलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे थरथरले. चंद्रप्रकाशचा हात अजून वरच होता. मी मात्र त्याच्या टेबलाकडे बघत होते. तिथे चहाच्या ग्लासाखाली आमचा अर्ज होता आणि माझं अक्षर मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला तो एक गाळा. शेजारच्या गाळ्यात पत्र्याचे डबे ठोकायचं मशीन. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दीड, ते बंद असायचं. तेवढ्या अर्ध्या तासात चंद्रप्रकाशला रेकॉर्डिंग उरकावं लागे, आणि तेही दोन विमानांच्या मधल्या वेळात. तिशीचा मुलगा. कंपनी वगैरे काही नाही. मशीन त्याचं, माईक त्याचा, आणि कॅसेटी खांद्यावरच्या पिशवीत घालून दुकानोदुकानी पोचवणाराही तोच. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलुंडला बालवाडी चालवत होते. वनमाला तिथे मदतनीस. जूनमध्ये नवी मुलं दाराला लोंबकळून रडत, तेव्हा मी खाऊचा डबा उघडायची आणि वनमाला गाणं म्हणायची. डबा बहुतेक परत बंद करावा लागे, कारण मुलं तिच्याकडे गेलेली असत. तिच्या गावची, कोकणातली जुनी गाणी असतील, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. मग एकदा एका गाण्यात आमच्या बालवाडीचं गळकं छप्पर आलं, आणि त्याखाली ठेवलेली पिवळी बादलीही आली.

"वनमाला, हे कुठलं गाणं?"

"असंच."

"असंच म्हणजे? कुणी रचलं?"

चोरी सापडल्यासारखी मान खाली घालून ती म्हणाली, "मीच जुळवलं, बाई."

त्यानंतर कुठे मला ती कळायला लागली. चाळीत गौरी जागवताना दरवर्षी ती एक नवं गाणं करायची. वीस वर्षांची वीस गाणी, सगळी डोक्यात; मी विचारल्यापासून ती बालवाडीतही म्हणायला लागली. शेवटच्या कडव्यात तिचं नाव यायचं. तिचे वडील गावी जाखडीच्या नाचात असत, आणि त्यांचा शाहीर गाण्याच्या शेवटी आपलं नाव घेई. "नाव नाय घेतला तर गाणा कोणाचा ता कसा कळतला?" ती मला म्हणाली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रेशनकार्डावर ती दिराच्या नावाखाली होती आणि खोली सासऱ्यांच्या नावावर.

तिला लिहायला येत नव्हतं. दोन पावसाळे पाटीवर गिरवून घेऊन मी तिला सही शिकवली. 'व'चं पोट तिला जमायचं नाही, ते उलट्या बाजूला जायचं. जमलं त्या दिवशी तिने हजेरीच्या वहीत पुढच्या आठवड्याच्याही सह्या करून टाकल्या.

मग लवूने चाळीतल्या मंडळाच्या कचेरीतून चंद्रप्रकाशचा एक छापील कागद आणला. 'अस्सल पारंपरिक कोकणी गाण्यांची कॅसेट. नवीन रचना पाठवू नयेत.' सोबत अर्ज. तो मी भरला. गायिकेचं नाव, वय, पत्ता. पुढे रकाना होता, 'गीतकार'. मी तिथे 'पारंपरिक' लिहिलं. एकदा ती माईकसमोर गेली की पुढचं पुढे बघता येईल, असा माझा हिशेब. उत्तर येत नसेल तर कोरं सोडा, खोटं लिहू नका, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आले होते. कागद वनमालासमोर ठेवला आणि म्हटलं, "इथे सही कर." जीभ दाताखाली धरून तिने सावकाश सही केली. वर काय लिहिलंय, हे तिने विचारलं नाही, कारण लिहिणारी मी होते.

चंद्रप्रकाशचा हात खाली आला.

*गौर आली दारात, पाय धुवाया पाणी नाही,*
*हंडा माझा रांगेत, नळाला गं धार नाही...*

"एक मिनिट, एक मिनिट." त्याने मशीन थांबवलं. "आवाज झकास आहे, मावशी. पण नळ नको. जुन्या गाण्यात नळ कसा असेल? झरा म्हणा."

"झऱ्यावर रांग कशाला लागेल, सायेब?"

"वयनी, नळ नको म्हणतत," लवू ढोलकीवरून म्हणाला. "आपल्या चाळीत तरी खंय आसा?"

चंद्रप्रकाश हसला. वनमालाही हसली आणि म्हणाली, "बरं. झरा." नळ एवढ्या सहज गेला, पण तिच्या नावाचं कडवं अजून पुढे होतं.

एक वाजून तेरा मिनिटं. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नुसतं म्हणून दाखवायला सांगितलं. तिने म्हटलं. तिसरं कडवं झालं, आणि मग चौथं.

*गौर निघाली सासरी, मागे वळून पाहत नाही,*
*गाणं जुळवी वनमाला, तिला दुसरी लेक नाही.*

तो थोडा वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिला.

"शेवटचं कडवं सोडू या," तो म्हणाला.

"का?"

"त्यात तुमचं नाव येतं ना. हे पारंपरिक आहे, मावशी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पूर्वीपासून चालत आलेलं. कोणी केलं ते कोणाला माहीत नसतं."

"माहीत नाय कसं? मीच केलं."

त्याने चहाचा ग्लास उचलला. अर्जावर ग्लासाचा गोल वळ उमटला होता. "इथे तर तसंच लिहिलंय. सही तुमचीच ना?"

वनमाला उठून टेबलापाशी गेली. तिने सहीवर बोट ठेवलं. ती तिला ओळखता आली. मग बोट वर सरकत गेलं आणि त्याने दाखवलेल्या रकान्यावर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे काय लिवलंय, बाई?"

अडखळणाऱ्या किती मुलांना मी मोठ्याने वाचायला लावलंय. मला एक शब्द वाचायचा होता.

"पारंपरिक," मी म्हटलं.

बाहेर कामगार हात धुताना एकमेकांवर ओरडत होते.

"हे बघा मावशी," चंद्रप्रकाश जरा नरमाईने म्हणाला, "नावासकट घेतलं तर दुकानदार विचारतात, ही बाई कोण? एखादा नावाजलेला शाहीर असता तर गोष्ट वेगळी. मला पण ह्याच्यावरच घर चालवायचंय ना. तुम्ही नको म्हणा, मी दुसऱ्या पार्टीला बोलावतो. माझा राग नाही."

"वयनी, चल," लवू ढोलकी उचलत म्हणाला. "जावया घराक."

"गप ऱ्हव."

ती काय करणार, मला कळेना. ती निघून गेली तर माझ्यामुळे, आणि थांबली तरी माझ्यामुळेच. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. "वनमाला, मी लिहून देते यांना, मी चुकले म्हणून..." मी बोलायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पाणी मिळेल?" तिने चंद्रप्रकाशला विचारलं. त्याने तांब्या दिला. तिने वरून घोट घेतला, तोंड पुसलं आणि माईकसमोर जाऊन बसली. या वेळी हात पदरात गुंडाळले नव्हते.

"लावा," ती म्हणाली.

मशीनची चाकं फिरायला लागली. पहिलं कडवं. झऱ्याला धार नव्हती. दुसरं. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज असा मोकळा झाला की चंद्रप्रकाशने मान डोलावली. तिसरं संपलं. त्याचा हात बटणाकडे गेला, पण वनमाला थांबलीच नाही. श्वाससुद्धा न घेता तिने चौथं कडवं उचललं, आणि लवूची ढोलकीही थांबली नाही. चंद्रप्रकाशचं बोट बटणावर तसंच राहिलं.

तेवढ्यात विमान आलं.

आधी लांबून घरघर, मग ट्रे थरथरले, मग सगळी खोली त्या आवाजाने भरून गेली. वनमालाने आवाज चढवला नाही. डोळे मिटून ती गात राहिली. मला तिचे ओठ दिसत होते. 'गाणं जुळवी' दिसलं, मग तिचं नाव दिसलं, ऐकू मात्र काही आलं नाही. विमान गेलं तेव्हा ढोलकीचे शेवटचे दोन ठोके तेवढे उरले होते.

"तिसऱ्यापर्यंत छान आलंय," चंद्रप्रकाश हळूच म्हणाला. "पुढचं तसंही..."

शेजारचं मशीन सुरू झालं. डब्यांवर घाव पडायला लागले. आता दुसरा टेक होणं शक्य नव्हतं.

बसस्टॉपवर लवू ढोलकी मांडीवर घेऊन लांबच्या दगडावर बसला. वनमाला माझ्या शेजारी उभी होती. दोन बस गेल्या, आमची नव्हती. मी काय काय जुळवत होते: नियमच तसा होता, तुझ्या भल्यासाठीच केलं, पुढच्या वेळी नीट बघू.

"बाई," तीच म्हणाली, "माका विचारलं असतंत ना, तर मी 'लिवा' म्हटलं असतं."

मग आमची बस आली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. सतरंज्या घातल्या, पाण्याचं पिंप भरलं. मी हजेरीची वही पुढे केली, पेन दिलं. तिने पेन घेतलं नाही.

"शाईचं पॅड आसा?" तिने विचारलं.

बालवाडीचा शिक्का मारायचं जांभळं पॅड कपाटात होतं. मी ते काढून दिलं. तिने अंगठा टेकवला, वहीत उमटवला आणि दूध तापवायला गेली. त्या दिवसापासून रोज अंगठाच. पाटी मी दोनदा तिच्यासमोर ठेवून पाहिली. तिने ती पुसून मुलांच्या पाट्यांत ठेवून दिली. एरवी काही बदललं नाही. माझा चहा ती पूर्वीसारखाच आणून देत होती, कमी साखरेचा.

कॅसेट गौरींच्या आधी आली. वेष्टणावर नारळाची झाडं होती. आत बारीक अक्षरांत, इतर पार्ट्यांच्या नावांमध्ये, 'गायिका : वनमाला आणि पार्टी', आणि त्याखाली 'गीत : पारंपरिक'. लवूने ती बालवाडीत आणून दिली. मी घरून टेपरेकॉर्डर आणला. मुलं गोल करून बसली. वनमाला पाठमोरी, ओट्यापाशी दुधाचे पेले मांडत होती.

टेपरेकॉर्डरमधून वनमाला गाते म्हटल्यावर मुलं आधी त्याच्या मागे जाऊन बघून आली, मग सगळी गायला लागली. झऱ्याच्या ओळीला त्यांनी नळच म्हटला. तिसरं कडवं संपलं. अगदी लांबून विमानाची घरघर सुरू झाल्यासारखी वाटली, आणि तिथेच ती तुटली. पुढचं गाणं लागायच्या आत मी बटण दाबलं.

मुलं थांबली नव्हती. गाणं संपलंय, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना ते चार कडव्यांचंच येत होतं.

*गौर निघाली सासरी, मागे वळून पाहत नाही...*

पेले मांडायचा आवाज थांबला. वनमालाचा उजवा हात दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर होता. अंगठ्याला सकाळची जांभळी शाई होती, आणि मुलं तिच्या नावापाशी पोचली तेव्हा तो अंगठा झाकणावर ताल धरत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.