घरचंच डिझेल

"डिझेलचीच घ्यायची व्हती! घरात ट्रॅक्टरसाठी ड्रम भरून ठिवलाय, आन् ह्यो शाना पेट्रोलची घिऊन आला." जुनी का होईना, मोटार दारात आली त्या दिवसापासून आप्पारावांचं तोंड थांबलं नव्हतं.

"आबा, आपलं फिरनं कितीसं हाय? बाजार आन् लगीनकार्य. डिझेलची म्हाग, तिची दुरुस्ती त्याच्याहून म्हाग," शिवप्रसाद म्हणायचा.

"तू मला इंजनं शिकवायलास?"

वच्छलाबाई भाकरी थापत राहायच्या. बापलेकाच्या मधी पडलं की दोघेही त्यांच्यावरच उलटायचे.

वैशाखातल्या एका दुपारी झरीहून सून राणीच्या भावाचा, परमेश्वरचा, फोन आला. माय गेली. "ताई, दिवस बुडायच्या आत न्यावं लागतंय. तुज्यासाठी थांबलोत. नीघ लगेच." राणी रडलीसुद्धा नाही. पायात चप्पल न घालता गाडीत जाऊन बसली.

शिवप्रसाद कपडे बदलून येईतो आप्पारावांनी ड्रममधून कॅन भरला आणि टाकीत ओतायला लागले.

"आवो, ही पेट्रोलची हाय ना?" वच्छलाबाई हलक्यानं म्हणाल्या.

"पेट्रोल तळाला गेलंय. पंपावर थांबायला टाइम हाय का? आन् हिरीवरचं इंजन इसरलीस? चालू करायचं पेट्रोलवर, गरम झालं की दिसभर रॉकेलवर पळायचं. तसंच हे."

वच्छलाबाईंना ते इंजन आठवलं. त्याची फटफट, रॉकेलचा वास, पहिल्यांदा मोटेवाचून पाटाला धावलेलं पाणी. खरंच, तसंच पळायचं ते. त्या गाडीत बसल्या.

पालम गाव मागं पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. मागून पांढरा धूर निघाला. मग बंदच. शिवप्रसादनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"आबा, काय वतलंत हिच्यात?"

"घरचंच."

रस्त्यावर झाड नव्हतं. एसटी हात करूनही थांबली नाही. "आत्याबाई, थांबत्याल ना ते?" राणी सारखी सासूला विचारत होती. वच्छलाबाईंची स्वतःची माय गेली तेव्हा सासऱ्यानं बैलगाडी हाकत नेलं होतं, आणि मायचं तोंड दिसलं होतं. सुनेला हे कसं सांगावं?

शेवटी एक जीप मिळाली. झरीत पोचेतो दिवस बुडाला होता. माणसं अंघोळ करून मसणवट्यातून परतलेली. माय ठेवली होती तिथली फरशी अजून ओली होती. पीठ पसरून दिवा लावलेला. राणीनं त्या ओलीवर गाल टेकला.

"लय थांबलो ताई," परमेश्वर म्हणाला. "फोनबी लागंना. मान्सं म्हनाली, आता काय येत न्हाई ती."

बाहेर आप्पारावांना पुरुषांनी सतरंजीवर जागा दिली. "उशीर कामून झाला, पाव्हनं?"

"पेट्रोलची गाडी. ऐन टायमाला दगा दिला. म्या म्हनत व्हतो डिझेलची घे, आयकतंय कोन?"

"खरं हाय," एक म्हातारा म्हणाला. "पेट्रोलचा भरोसा न्हाई."

शिवप्रसादनं तोंड उघडलं. मयताच्या दारात बापाशी भांडणारा लेक म्हणून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत चर्चा झाली असती. त्यानं मान खाली घातली.

आत राणीला सगळं ऐकू येत होतं.