माझंसुद्धा ऐकू नकोस

चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो निसर्गोपचाराच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी मावशीसमोर बसला की दुथडी भरून वाहू लागे. शरीर स्वतःच स्वतःला बरे करते. आपण फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. रोग बाहेर पडताना त्रास आधी वाढतो, त्याला उपचार-संकट म्हणतात. त्याला लहानाचा मोठा करणारी मावशी हे सारे हनुवटीला हात लावून ऐके, आणि शेजारणींना जसेच्या तसे ऐकवी.

म्हणूनच बेंबीभोवती दुखू लागले तेव्हा ती दवाखान्याची पायरी चढली नाही. त्याने लिंबूपाण्यावर उपवास सांगितला, पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवली. पुढे ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्याला चक्क आनंद झाला. पुस्तकातले संकट त्याच्या हातांखाली जिवंत झाले होते.

महाविद्यालयाच्या उपचारकक्षात कटिस्नानाचे टब घासता घासता त्याने ते शिकवणाऱ्या बाईंना सांगितले. बाईंनी नळ बंद केला.

"आता कुठे दुखतंय?"

"खाली. उजवीकडे."

"ताप?"

"आहे, पण तो तर..."

"दाबून हात सोडलास की कळ येते?"

त्याने पाहिलेच नव्हते.

"अरे, आपलं काम कुठे संपतं, हे पहिल्याच वर्षी शिकवलं ना मी? अपेंडिक्स असणार ते. पळ, आधी हॉस्पिटल गाठ!"

धापा टाकत तो घरी पोहोचला. पोट दाबून त्याने हात सोडला आणि मावशी कळवळली.

"मावशी, ऊठ. हॉस्पिटलात जायचंय. माझं चुकलं गं."

तशा कळेतही ती हसली. "परीक्षा घेतोस होय रे माझी?"

"शप्पथ, नाही!"

"तूच म्हणालास ना, मधेच मन कच खातं, तेव्हा कुणाचं ऐकू नकोस, अगदी माझंसुद्धा ऐकू नकोस? बघ, मी पक्की आहे. कच्चा तूच निघालास."

त्याने बाईंना फोन लावून तिच्या कानाशी धरला. मावशीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "बाई, पोरगा घाबरट आहे हो," ती म्हणाली, "पण तुम्ही शिकवलंय मात्र छान." आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

शेवटी त्याने रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचर घेऊन आलेला माणूस लाघवी होता. "चला मावशी, झोपूनच जायचंय. मजा आहे तुमची."

"याला न्या," तिने भाच्याकडे बोट दाखवले. "तोंड बघा त्याचं, पेशंट तोच वाटतोय."

त्या माणसाने त्याला दाराबाहेर घेतले. "शुद्धीत आहेत, नाही म्हणतायत. उचलून कसं नेणार? तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील."

एवढ्यात आतून हाक आली. "अरे ये, ये! थांबलं!"

तिचा चेहरा खरोखरच सैल झाला होता. तो मात्र उंबऱ्यातच थांबला. सुजलेले अपेंडिक्स फुटले की ताण सुटतो, आणि विष पोटभर पसरू लागेपर्यंत माणसाला घटकाभर बरे वाटते. हेही बाईंच्या त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून त्याने लिहून घेतले होते.

"मावशी, हे बरं होणं नाहीये. ऐक ना गं."

"पुरे झाली परीक्षा," म्हणत तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. पोट फळीसारखे कडक लागले.

"केलंस की नाही मला बरं?" ती म्हणाली. "आता तरी हस की रे."