बिनफोडणीचा घास

"मोठमोठी सिंहासनं तलवारीनं हलली नाहीत, दातांनी हलली. ज्याचे दात गेले, त्याचं राज्य गेलं!"

उंद्रीच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून हिंमतरावांनी हे जाहीर केलं. गावच्या सहकारी सोसायटीच्या सभा गाजवण्यात त्यांची हयात गेली होती. आज समोर श्रोता एकच होता. तो हॅमस्टर होता, त्याला ऐकू येत नव्हतं आणि तो पिंजऱ्यात पाठ करून झोपला होता. सोसायटीतही साधारण असंच असायचं, म्हणून हिंमतरावांनी मनाला लावून घेतलं नाही.

हॅमस्टर म्हणजे काय हे गावाला समजावणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. बिनशेपटीचा, गुबगुबीत, विकत आणलेला उंदीर. लोक बाकी सगळं मान्य करायचे, फक्त 'विकत' या शब्दाशी अडायचे. नात निशिगंधानं तो पाळला, त्याचं नाव बादशहा ठेवलं, आणि अमरावतीच्या होस्टेलमध्ये, मेसमधले सोडून, इतर उंदरांना परवानगी नसल्यामुळे आजोबांच्या हवाली केला. परवा फोनवर तिचा आवाज भरून आला होता. "आबा, शनिवारी पेपर संपला की निघतेच. तोवर सांभाळा त्याला. मला एकदा तरी भेटायचंय."

आबांनाही भेटायचंय, असं ती म्हणाली नव्हती. ते ओघानं आलंच, असं हिंमतरावांनी धरलं.

आज गुरुवार होता आणि बादशहानं कालपासून तोंडाला काही लावलं नव्हतं.

चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरला त्यांनी आधीच दाखवलं होतं. डॉक्टरची सगळी उमर बैल-म्हशींत गेलेली. त्यानं सवयीनं वजन विचारलं. हिंमतराव म्हणाले, "तोळ्यात सांगू का?" मग डॉक्टरनं बादशहाला तळहातावर घेतलं आणि चष्मा वर केला. "याले कोणतं औषध देऊ, काका? म्हातारपन हाये. दात गेले. मऊ शिजवून द्या. पन मीठ नाई, तेल नाई, अन् फोडनी त बिलकूल नाई."

इथंच घोडं अडलं. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे हिंमतरावांच्या मंडळींनी, साफ हात वर केले. घरात कोणी गेल्याशिवाय चुलीवर बिनफोडणीचं शिजत नसतं. "जित्या जिवाले सुतकाचं रांधू काय मी? तुमचं तुमी पाहा," असं सांगून त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मलकापूरला लेकीकडे निघून गेल्या.

तेव्हापासून हिंमतराव एकटेच रांधत होते. ज्वारीच्या कण्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी पार विरघळेपर्यंत शिजवायच्या, वर उकडलेल्या कोहळ्याची फोड कुस्करायची, मग चिमटीनं एकेक फोलपट वेचायचं. तेवढ्यात गुडघे बोलू लागायचे. जन्मात स्वतःसाठी चहा न केलेला माणूस उंदरासाठी स्वयंपाक शिकला होता, आणि त्या शिक्षणानं इतका दमला होता की वेगळं रांधायचं त्राण उरायचं नाही. वाटीभर बादशहाला काढून उरलेलं गंजभर, म्हणजे पातेलंभर, स्वतः खायचे. कवळीलाही ते मानवायचं. दाढीचं तर राहूनच गेलं होतं.

वाटीत बोट बुडवून त्यांनी ते पिंजऱ्यात घातलं. बादशहानं हुंगलं आणि मान वळवली.

"खाय ना बे," हिंमतराव थकून म्हणाले. "मले तरी कुठं चव लागून राह्यली? पन शनिवार त गाठाव लागते ना."

एवढ्यात दारात शेजारचे तुळशीराम आणि गीताबाई उभे दिसले. तुळशीरामची टोपी हातात, गीताबाईंचा पदर डोक्यावर, कडेवर पिठल्याचा गंज, फडक्यात भाकरी. दोघं भिंतीला टेकून बसले. मग गीताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"वहिनीचं असं कसं झालं हो, भाऊजी? डोयाचंच त ऑपरेशन होतं!"

"कोनाचं काय झालं?"

"आता काऊन लपवता? वहिनीच्या फोडनीनं आमच्या घरातली पोरं खोकत. आज किती दिवस झाले, ठसका नाई, वास नाई. तुमी दाढी ठेवली. अन् कालच मी खिडकीतून पाह्यलं, अळनी कण्या खाऊन राह्यले होते. दुखवट्याचा कडू घास आनला, दोन घास खाऊन घ्या."

हिंमतरावांनी वाटीकडे बोट केलं. "हे याच्यासाठी हाये."

गीताबाईंनी पिंजऱ्यात पाहिलं. रडं एकदम थांबलं. "उंदराले? तिकडं सोयाबीनच्या पोत्याईत उंदराईले औषध टाकता, अन् याले कोहळं घालून कण्या?"

"तो येगळा हाये."

"हाव, त्याले शेपूट नाई."

तुळशीराम मात्र व्यवहारी माणूस. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं हे त्यानं पाहिलेलं होतं. खात्री म्हणून त्यानं मलकापूरला फोन लावला. फोन अन्नपूर्णाबाईंनीच उचलला.

"वहिनी," तुळशीरामनं अदबीनं विचारलं, "तुमी हायेत का?"

पुढचं सगळं कळल्यावर अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याला फोन द्यायला सांगितलं. हिंमतरावांनी एका हातानं फोन कानाला लावला. दुसरा हात कण्यांनी माखलेला, तो पिंजऱ्यात तसाच राहिला.

"काहो, मी डोयाले पट्टी बांधून पडली, अन् तुमी गावात माह्यं सुतक पाळून राह्यले? सांगितलं होतं का नाई, बिनफोडनीचं म्हंजे सुतकाचं म्हनून?"

बायको बोलत असताना न हलता, न बोलता बसण्याची हिंमतरावांना संसारभराची सवय होती. त्यात ते इतके दमलेले की हलणं नकोच वाटलं. कण्या निवल्या. मलकापूरहून बोलणं चालूच होतं. आणि त्यांच्या बोटाला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं.

बादशहा उठला होता. डोळे मिटून बोट चाटत होता. थांबे, श्वास घेई, पुन्हा चाटे.

"ऐकून राह्यले ना?"

"अवं," हिंमतरावांचा आवाज पार खाली गेला, "खाल्लं त्यानं."



"निवलेलं देत जा. गरमागरम घालता अन् मंग खात नाई म्हनता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. मग हळूच, "काहो, माह्यासाठी कोनकोन आलं होतं?"

"तुळशीराम अन् गीताबाई."

"बस, दोघंच?"

फोन ठेवला तरी हिंमतरावांनी बोट काढलं नाही. शनिवार अजून परवा होता, पण आता तो तितका लांब वाटत नव्हता. तुळशीरामनं टोपी घातली. गीताबाई पिंजऱ्याशी वाकून बघत राहिल्या. पुन्हा पदर डोळ्यांना लावला, या खेपेला जरा लपवून. काहीतरी मोठं बोलावं म्हणून हिंमतरावांनी घसा खाकरला.

"भाऊजी," गीताबाई म्हणाल्या, "कोनी गेलंच नसंल, त आमचा गंज तेवढा रिकामा करून द्या. घरी दाळ टाकाची हाये."