तिहोमिरचा मेंढा

बेलग्रेडच्या एका मोठ्या दुकानसाखळीने स्वेतोझारकाकांचं चीज ठेवायचं कबूल केलं, पण सोमवारपर्यंत लोगोची व्हेक्टर फाइल हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला. काकांचं तळघर चीजने भरलेलं आणि आमच्या पिरोत गावात गिऱ्हाईक उरलेलं नाही. म्हणून ते माझ्या छपाईच्या दुकानात आले.

त्यांनी आणला होता गाडीच्या दारावर रंगवलेल्या मेंढ्याचा, म्हणजे त्यांच्या लोगोचा, मोबाइलवर काढलेला फोटो. मी सांगितलं, हा ठिपक्यांचा आहे, मोठा केला की फाटतो. व्हेक्टर रेषांचं असतं, पाटीएवढं करा नाहीतर डोंगराएवढं, तसंच राहतं. काकांनी मान डोलावली, घरी गेले आणि तोच फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवला. मी परत पाठवला. मग त्यांनी फाइलचं नुसतं नाव बदललं. माझं डोकं फिरलं. शेवटी फोटो संगणकाला आपोआप गिरवायला लावला, तर त्याने दारावर बसलेली माशीही इमानदारीने गिरवली.

म्हणून मी स्वतःच रेघ न् रेघ काढायला बसले, तेव्हा नीट पाहिलं: मेंढ्याला पाच पाय होते.

मी चारच काढले. छान, रुबाबदार मेंढा झाला. काका बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मेंढा तिहोमिरने काढलेला होता आणि तिहोमिर त्यांचा कुम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला, मुलांची नावं ठरवलेला माणूस. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही.

"त्याला विचारा ना," मी म्हटलं.

"काय विचारू, पोरी? तुझ्या मेंढ्याला एक पाय जास्त आहे?"

शेवटी ते तिहोमिरला घेऊन माझ्याकडेच आले, म्हणजे वाईटपणा माझ्या गळ्यात. मी कॉफी केली आणि दोन्ही मेंढे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. तिहोमिरकाकांनी पाचव्या पायावर बोट ठेवलं आणि स्वेतोझारकाकांकडे वळले.

"ह्या पायापायी," ते म्हणाले, "वीस वर्षं मी तुझ्या चीजच्या दुकानासमोरून जात नाही, बाहेर ती गाडी उभी असते ना. नदीकडून वळसा घालतो."

"मग बोलायचं होतंस की, कुमा!"

"तू गाडीवर रंगवून घेतलास. कोणत्या तोंडाने बोलू?"

दोघंही हसत सुटले, गळ्यात पडले, डोळे पुसले. मलाही भरून आलं. चार पायांची फाइल पाठवायला मी हात पुढे केला, तेवढ्यात तिहोमिरकाका म्हणाले, "थांब पोरी. एवढी वर्षं मनाला लागलंय. आज नीट काढून देतो."

त्यांनी पेन मागितलं आणि जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखे वाकून काढत बसले. पाय चारच आले, मोजून. पण मेंढा हसत होता, आणि त्याच्या तोंडात माणसाचे दात होते, वरचे आणि खालचे.

मी स्वेतोझारकाकांकडे पाहिलं. नजरेने अक्षरशः हात जोडले. त्यांच्या डोळ्यांसमोर तळघर येऊन गेलं असणार, कारण त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"झकास," ते म्हणाले. "पोरी, हाच घे."

मी रागारागाने गिरवला. दातांतल्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. आता तो कितीही मोठा करा, एकही दात पुसट होत नाही. काका उपाशी मरणार आणि ते पाप माझ्या माथी येणार, अशा खात्रीने मी फाइल पाठवली.

सोमवारी दोघं कुम माझ्या दुकानात येऊन बसले. दुपारी बेलग्रेडहून उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं: फाइल योग्य प्रकारची आहे, स्वीकारली, आभार. मेंढ्याबद्दल एक अक्षरही नाही. कोणी उघडून पाहिली असेल असं मला वाटत नाही.

स्वेतोझारकाकांनी कुमाच्या पाठीवर थाप मारली. "बघ, त्यांनाही आवडला."

तिहोमिरकाका लाजले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुझ्या दुकानाला लोगो नाही का गं, पोरी?"