गुंडाचे सतरा

“हिमालय झुकला, तो फक्त आपल्या गुंडापुढं!” सरपंच अभिमन्यूंनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी मागच्या फ्लेक्सची काठी निसटून हिमालय खरोखरच झुकला, थेट सरपंचांच्या फेट्यावर. दोन ग्रामपंचायत सदस्यांनी धावत येऊन तो दोन्ही टोकांनी उचलून धरला. कार्यक्रम संपेपर्यंत हिमालयाची जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली.

फ्लेक्सवर मधोमध कारगिलला गेलेला गावचा जवान गुंडा होता. चेहरा त्याच्या पासपोर्ट फोटोतला, दंड कुणा पैलवानाचे, आणि मशीनगन सांगोल्याच्या फ्लेक्सवाल्यानं आपल्या पसंतीनं दिलेली. खाली गावातल्या अकरा शुभेच्छुकांचे फोटो, गुंडाहून थोडे मोठे.

“एकट्यानं सतरा शत्रू लोळवले! आणि ते डोळ्यांनी पाहिलेले निवृत्त हवालदार बिरुदेव हितं बसलेत!”

बिरुदेवनं हात जोडले. कारगिलनंतर दर सव्वीस जुलैला तो असेच हात जोडत आला होता. पहिल्या वर्षी शत्रू दोन होते. गावची लोकसंख्या वाढली, तसे तेही वाढले. त्यानं आकडा कधी सांगितला नव्हता, पण खोडलाही नव्हता. तो आणि गुंडा दोघंही खेचरांच्या तुकडीत होते. वर जाताना पाण्याचे कॅन आणि दारूगोळा न्यायचा, खाली येताना जे असेल ते आणायचं.

व्यासपीठावर शेजारच्या खुर्चीत गुंडाची आई, कस्तुराबाई, हार-शाल घालून बसली होती. इतक्या वर्षांत तिनं बिरुदेवला काही विचारलं नव्हतं. आज ती त्याच्याकडे कलली.

“बिरुदेवा, खरंच सतरा?”

“मावशी, भाषण चाललंय.”

“चालू दे की. ते काय आज थांबतंय व्हय?” तिनं पदर तोंडाशी धरला. “जत्रंत बोकड कापत्यात तवा माजा गुंडा गोठ्यामागं कानांत बोटं घालून बसायचा. सतरा जनांच्या आया असतील रं. त्यास्नी रडवून मी हितं हार घालून घेती, असं वाटतंय मला.”

बिरुदेवनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“एकबी न्हाय, मावशी. त्याच्या हातात तवा बंदूक नव्हतीच. खेचराचं दावं हुतं.”

कस्तुराबाईनं डोळे मिटले. ओठ हलले. तिचा चेहरा इतका सैल झाला की, हे पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं, असं बिरुदेवला वाटलं. पण पुढचा प्रश्न त्याला ठाऊक होता. त्याच्याच भीतीनं तो इतकी वर्षं गप्प राहिला होता.

“मग गेला कसा?”

“कड्याची वाट. खेचराचा पाय निसटला.”

“मग दावं सोडायचं की!”

“तसंच शिकवलं हुतं आमाला. जनावर निसटलं की दावं सोडा. रोज सकाळी घोकून घ्यायचे.”

“मग सोडलं का न्हाय?”

सरपंच शत्रूच्या खंदकात शिरले होते. टाळ्या पडत होत्या. बिरुदेव टोपीची घडी घालत राहिला. एकदा चढण चढताना गुंडानं त्याला हसत हसत सांगितलं होतं: सातव्या वर्षी हातातलं दावं सुटलं, शेळी विहिरीत पडली, आणि आईनं दिवसभर भाकरी दिली नाही.

“मनगटाला गुंडाळलं असंल,” तो म्हणाला. “थंडी लई हुती तितं.”

कस्तुराबाई बराच वेळ त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

“न्हाय,” ती म्हणाली. “शेळी हिरीत पडली तवा म्याच हाणलं हुतं त्याला. मेलास तरी दावं सोडायचं न्हाय, म्हनलं हुतं.”

तेवढ्यात सरपंचांनी पुकारा केला.

“आता वीरमाता दोन शब्द बोलतील!”

कुणीतरी तिला उठवून पुढं नेलं. सरपंचांनी स्वतः माईक तिच्या हातात दिला. “आई, आज मागा काय मागायचं ते! शाळंला गुंडाचं नाव देऊ, चौकाला देऊ, पार मंत्रालयापर्यंत जाऊ!”

कस्तुराबाईनं दोन्ही हातांनी माईक धरला.

“मला कुनीतरी खाली उतरवा,” ती म्हणाली. “पायरी दिसंना.”