जित्या माळढोकाचा फोटो

नान्नजच्या माळावर आमचा तळ पडला होता, त्या भादव्यात माळढोकाच्या एका मादीने हाकेच्या अंतरावर अंडं घातलं. घरटं नाही, काडी नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं. तिला तेवढं पुरे होतं. माझ्या कमरेला लागेल एवढी उंच, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की पाटलीणबाईंनी येऊन शिकावी. मेंढरं चरताना मी तिच्याकडे बघत बसे. सुनेला वाटायचं, सासू बसल्या बसल्या डुलक्या घेते. तिला काय कळतंय.

त्याच दिवसांत सोलापुरातून गुरुसिद्धप्पा फोटोवाला सायकलीवर कॅमेऱ्याची पेटी बांधून आला. नवी पेठेत त्याचं दुकान. मागे रंगवलेला पडदा, पुढे नवरा-नवरी. मूळचा कानडी बोलणाऱ्या दुधनीचा, म्हणून मला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा. माळावर कुणाचं लग्न आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, माळढोकाचा फोटो काढायचाय. मला वाटलं, शिकारी साहेबांसाठी जागा हेरायला आलाय. तसं तोंडावर बोलले. तो रागावला नाही. टोपी काढून खाली बसला.

"अव्वा, ते साहेब ढोक मारत्यात आन् माझ्या दुकानात घिऊन येत्यात. त्येच्यावर पाय ठिवून हुबं ऱ्हात्यात, मी फोटू काढतो. मान लोंबती, ती मीच काठी लावून वर करतो. लई झालं. एकदा जित्तं काढायचंय."

मी त्याला जेवायला घातलं.

पण पाखरू त्याला जवळ येऊ देईना. तो वाकून वाकून जायचा आणि ती अंड्यावरून उठून चालती व्हायची. धोतर पांढरं, सदरा पांढरा. माळावर एवढा मोठा बगळा उतरल्यावर कुणाला दिसणार नाही? मी म्हटलं, बाबा, तुझ्या कपड्यांना हा माळ ओळखत नाही. माझी घोंगडी घे. अंड्यातून बाहेर आल्यापासून तिने घोंगड्या बघितल्यात. मग त्याने तिपाईवर पेटी बसवली, पेटीवरून आणि स्वतःवरून घोंगडी ओढली आणि हिवराच्या झुडपाला टेकून धोंड्यासारखा बसला. इतका निश्चल बसलेला माणूस मी देवळातसुद्धा बघितला नाही. ती लांबून मान उंच करून बघत राहिली. मग एकेक पाऊल टाकत आली आणि अंड्यावर बसली.

घोळ केला तो मेंढरांनी. उन्हं चढली की मी घोंगडी पांघरून झुडपाशी बसते आणि मेंढरं माझ्याभोवती येऊन डोकी खाली घालून उभी राहतात. ही त्यांची रोजची रीत. त्यांना झुडपापाशी घोंगडी दिसली, वाऱ्यावर तिचा वास आला, आणि अख्खा कळप तिकडे वळला. वाटेत अंडं. माझा मुलगा बिरप्पा विहिरीवर गेला होता. मी हाका मारल्या, पण घोंगडी समोर दिसत असताना मागच्या आवाजाकडे कोण बघतं? मेंढरांना अक्कल असती तर त्यांनीच आम्हाला राखलं असतं.

ती उठली. आता पळणार असं मला वाटलं, आणि पळाली असती तरी मी तिला नाव ठेवलं नसतं. पण ती अंड्याच्या पुढे आली, मान खाली घेतली आणि पंख उघडले. वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने फुलावं तशी रुंद झाली, शेपटीचा पंखा उभा राहिला. पुढची मेंढरं थबकली. मागची रेटायला लागली.

गुरुसिद्धप्पाची पेटी नेमकी तिच्यावर रोखलेली होती. असा फोटो जन्मात पुन्हा मिळाला नसता. मी धावत ओरडले, "मुडद्या, घोंगडी घिऊन पळ की! मेंढरं घोंगडीमागं हायत!"

तो पळाला. घोंगडी डोक्यावर, धोतराची शुद्ध नाही, थेट ओढ्याकडे. पळताना तोंडाने मेंढरासारखा बें बें करत होता. ते मी सांगितलं नव्हतं. कळप त्याच्यामागे वळला आणि जाता जाता पेटी आडवी करून गेला. शेवटचं कोकरू निघून जाईपर्यंत ती पंख उघडे ठेवून उभी होती. मग आधी एक मिटला, नंतर दुसरा, आणि अंड्यावर जाऊन बसली, काही झालंच नाही अशी. मी पाच लेकरं वाढवली, कुणापुढे मान लववली नाही. त्या दिवशी तिला हात जोडले.

फोटोवाला ओढ्याच्या चिखलात बसला होता. मेंढरं त्याला हुंगत होती.

"अंडं हाय?"

"हाय. तितंच बसलीया."

"तिनं काय केलं, अव्वा? माझी पाठ हुती."

सांगितलं. नुसत्या तोंडाने जमेना, तेव्हा उभी राहून दोन्ही हातांनी पदर पसरून दाखवलं. बिरप्पा पाणी घेऊन आलाय आणि बघतोय हे मागाहून कळलं. त्याला पुन्हा पाण्याला पिटाळलं.

पेटी धड होती, फोटो जिच्यावर उमटतो ती आतली काच तेवढी फुटली होती. गुरुसिद्धप्पा म्हणाला, दुसऱ्या काचा आहेत, पण आता नको. घोंगडी तिथे असली की मेंढरं तिथे येणारच, आणि घोंगडीवाचून ती बसू देणार नाही. बोलला ते बरोबर होतं. त्या साली त्या माळासारखं गवत कुठे नव्हतं. पाटलाने सांगितलं, मामलेदाराच्या शिपायाने सांगितलं, तरी मी तळ हलवला नव्हता. बिरप्पाला म्हटलं, सामान घोड्यावर लाद. तो गवताचं रडगाणं गायला लागला.

"गवात पुना उगवंल," मी म्हटलं. "ह्यो काय जलमभर मेल्या पाखरांच्या माना धरत बसंल व्हय?"

घोंगडी गुरुसिद्धप्पापाशी ठेवून आम्ही टेंभुर्णीच्या बाजूला निघालो.

दसऱ्यानंतर तो आमचा तळ शोधत आला, फोटो फडक्यात बांधून. ती उभी आहे, पायाशी पिल्लू आहे, आणि ती सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते आहे. मागे रंगवलेला पडदा नाही. आमचाच माळ, पार आभाळापर्यंत. बिरप्पा फोटो हातातून सोडीना. मी काढून घेतला, उन्हात धरून निरखला. लई चांगला आहे, म्हटलं. पण पंख मिटलेले.

"उघडं पंख फकस्त तुमी बगितल्यात, अव्वा," तो म्हणाला.

खरंच आहे ते. तेवढं त्याच्या तोंडून ऐकून घेतलं, आणि मग त्याच्यापुढे भाकरी ठेवली.