ओल्या चपलांची लय

चष्मेवाल्याच्या दुकानात माणसं दोन कारणांनी येत. एक, नीट दिसेनासं झालं म्हणून. दुसरं, ‘ओल्या चपला’ गाणारा माणूस आता कसा दिसतो ते बघायला. ही दुसरी मंडळी आधी उगाच दोन-चार फ्रेमी नाकावर चढवून बघत, आरशात तोंड वाकडं करत, आणि मग हळूच विचारत, तुम्हीच ना ते? यावर तो भिंगं पुसता पुसता विचारायचा, ते म्हणजे कोण? चांगलं माहीत असायचं त्याला! पण तेवढी हौस कोणाला नसते हो?

‘ओल्या चपला’ हा त्याच्या बँडचा पहिला अल्बम. दुसराही निघाला होता, पण तो फारसा कोणी ऐकला नाही, आणि ज्यांनी ऐकला त्यांनी सभ्यपणे विषय बदलला. पहिला मात्र काही केल्या मरेना. त्यात होतं तरी काय? सायकल पंक्चर झाल्याचं एक गाणं. जिन्यातला दिवा गेल्याचं एक. दाराबाहेर तिच्या ओल्या चपला दिसल्या, म्हणजे ती घरात आहे, आणि तरी बेल वाजवायचा धीर झाला नाही, त्याचं एक. खळखळती गिटार, साधे शब्द, आणि सगळं असं घाईत की वाटावं, तीन पोरं जिन्यावरून एकदम खाली धावत सुटलीत आणि त्यांना हसू आवरत नाहीये. ज्यांनी तो कॉलेजात असताना ऐकला ते आता चाळिशीचा नंबर काढायला येत होते, आणि त्यांच्या मुलांनाही तो पाठ होता. एका बाईने सांगितलं होतं, नवऱ्याशी भांडण झालं की दोघांपैकी एक जण तो लावतो, बोलून दाखवत नाही, नुसता लावतो. चष्मेवाल्याने त्या दिवशी तिला फ्रेमवर चांगली घसघशीत सूट दिली.

बँड तिघांचा. हा गायचा आणि बेस वाजवायचा. गिटारवर लांब्या, जो खरोखरच दारातून वाकून आत यायचा. आणि ड्रमवर ढब्या. ढब्या आता वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. एक ड्रम सोडून दुसऱ्या ड्रमात हात घातला, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. शिवाय ढब्या चष्मेवाल्याचा मेहुणा. म्हणजे आधी शाळेपासूनचा मित्र, मग याने त्याच्या बहिणीशी लग्न केलं. ज्या चपलांवर गाणं झालं त्या तिच्याच होत्या.

तर पंचवीस वर्षं झाली म्हणून रेकॉर्ड कंपनीने ठरवलं, अल्बम नव्याने काढायचा आणि एक कार्यक्रमही करायचा. तिघांनी मंचावर बसून सगळी गाणी ओळीने वाजवायची. तिकिटं निघाली आणि संपलीसुद्धा. चष्मेवाला आठवडाभर हवेत होता. मग एका सुताराच्या कारखान्यामागची खोली भाड्याने घेऊन त्यांनी तालीम सुरू केली, आणि साहेब जमिनीवर आले.

त्याला गाता येईना. म्हणजे खालचं सगळं जमत होतं, वर गेलं की आवाज फाटायचा. लांब्याने रेकॉर्ड लावून पाहिलं तर सगळीच गाणी अर्धा सूर वर होती. तेव्हा आपण तारा चढवून लावत असू, म्हणाला तो, सूर मोजायचं यंत्र कोणाकडे होतं? ते सगळ्यांना पटलं. तारा चढवल्या. आता रेकॉर्डवर जे आहे तेच लोकांना ऐकायचं होतं, आणि तेच याच्या गळ्यातून निघत नव्हतं.

आपल्याला येत नाही हे कबूल करायचं म्हणजे जिवावर येतं माणसाच्या. त्यापेक्षा दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं. आणि बोट दाखवायला ढब्या समोरच बसलेला होता. तो खरंच मागे पडायचा. रेकॉर्ड संपायची तरी यांचं गाणं चालूच. मग चष्मेवाल्याने धोशाच लावला. तू ओढतोस, म्हणून माझा श्वास पुरत नाही. जरा हात उचल. झोपलास का. ढब्या मान हलवायचा, कपाळ पुसायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि पुन्हा तेवढाच मागे राहायचा.

एका संध्याकाळी कंपनीच्या व्यवस्थापक बाई पोस्टर दाखवायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर चष्मेवाल्याचा आवाज पंक्चरच्या गाण्यात असा काही फाटला की बाईंनी नजर पोस्टरकडे वळवली. लाज वाटली त्याला. आणि लाज वाटली की याच्या डोक्यात तिडीक जाते, हा जुना रोग. त्याने बेस खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझे हात वडिलांवर गेलेत. घरी बस आता.”

हे ऐकून लांब्याने खिडकीबाहेर बघितलं. कारण त्याला ठाऊक होतं. ढब्याचे वडील कंपवाताने गेले. आधी हात मंदावले, मग पाय. शेवटी शेवटी शर्टाचं एक बटण लावायला सकाळ जायची. हे चष्मेवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, सासऱ्यांची बटणं स्वतःच्या हातांनी लावून दिली होती. आणि तरी बोलला. ढब्याने काठ्या पिशवीत घातल्या, एका गिऱ्हाइकाचं मशीन पोचवायचं राहिलंय म्हणाला, आणि गेला.

चष्मेवाल्याने त्यानंतर काय करावं? माफी मागावी, धावत जावं? छे! त्याने एक पगारी ड्रमर आणला. हा माणूस कानात यंत्राचे ठोके ऐकत वाजवायचा, रेकॉर्डच्या बरोबरीने, एक केस इकडचा तिकडे नाही. गाणं वेळेत संपू लागलं आणि आवाज पूर्वीइतकाच फाटू लागला. मग दोष घशाकडे गेला, मग हवेकडे, मग दुकानातल्या पंख्याकडे. बायको मिठाच्या पाण्याचा पेला आणून ठेवायची आणि काही बोलायची नाही. भावाचं नावही काढायची नाही. याला वाटलं, चला, निभावलं.

दोनेक महिन्यांनी कंपनीच्या स्टुडिओतून फोन आला. नव्या आवृत्तीचं काम करणारी मुलगी, मोठी उत्साही, म्हणाली, तुमची मूळ टेप सापडली आहे, एक गंमत दाखवायची आहे, याल का? हा गेला. स्टुडिओ म्हणजे कापूस भरल्यासारखी मुकी खोली, दोन खुर्च्या, आणि मध्ये गरगरणारी चाकं.

टेपच्या सुरुवातीला लांब्या गिटार लावत होता. ती म्हणाली, हा सूर ऐका, अगदी बरोबर आहे. आता रेकॉर्डवर ऐका. रेकॉर्डवर सगळं अर्धा सूर वर. म्हणजे तुम्ही तारा चढवलेल्या नव्हत्याच. तुमच्या त्या वेळच्या रेकॉर्डिस्टने शेवटी टेपच जरा जोरात फिरवली. जुनी युक्ती आहे. टेप जोरात फिरली की गळा वर चढतो, गिटार चमकते, ताल पळायला लागतो, सगळं कसं तरतरीत वाटतं. तुम्हाला माहीत नव्हतं?

त्याला माहीत नव्हतं. रेकॉर्डिस्ट कधीच वारला होता आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीने टेप पुढे चालवली. खोलीत तीन पोरं वाजवू लागली, सावकाश, जपून, जरा घाबरतच. गाणारा पोरगा खालच्या, जाड आवाजात गात होता. तो अगदी आजच्या चष्मेवाल्याचाच आवाज होता. आणि त्याच्यामागे ढब्या. तोच हात, तोच थोडा मागे रेलून पडणारा ठोका. सुताराच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी ऐकलेला. पंचवीस वर्षांत केसभरही न बदललेला.

ती मुलगी खुशीत होती. लोकांना ज्या वेगाची सवय आहे तोच ठेवू या ना, असं काहीतरी विचारत होती. त्याने हो म्हटलं असावं. जगाने जिच्यावर जीव टाकला ती धावाधाव त्या तिघांची नव्हतीच, हे त्याला बोचलं, नाही असं नाही. पण ते वरवरचं. खरी बोच वेगळीच होती. बरोबर वाजवणाऱ्या माणसाला त्याने चूक म्हटलं होतं, आणि कशाची आठवण देऊन म्हटलं होतं!

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, जरा हसत हसत, म्हणजे तीही हसेल म्हणून. ती हसली नाही. ती पलंगावर बसली, घड्या घालायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, आणि बराच वेळ एकच टॉवेल घडी करत राहिली. मग तिने सांगितलं. त्या तालमीनंतरच्याच आठवड्यात ढब्या डॉक्टरकडे गेला होता. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तो म्हणाला, वडिलांचंही सुरुवातीला काही निघालं नव्हतं. त्याने स्वतःच्या मुलीला स्कूटरवर मागे बसवणं सोडलं. बारीक काम दुसऱ्याकडे द्यायला लागला. रात्री उठून बटणं लावून बघतो. हे सगळं ढब्याच्या बायकोने तिला सांगितलं होतं, आणि का ते पण.

म्हणजे हिला माहीत होतं. मिठाचं पाणी आणून ठेवताना माहीत होतं. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मला बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं खरं, पण विचारतानाच ते किती निलाजरं आहे हे त्याला कळलं. ती एवढंच म्हणाली, “तू आपणहून जातोस का, ते बघत होते.”

तो तसाच निघाला. ढब्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला उघडी मशीनं, पट्टे, पाण्याच्या नळ्या, आणि साबणाचा जुना ओला वास. ढब्या स्टुलावर बसून हातातल्या मोटरकडे बघत होता. स्क्रू काढायचा होता, तो काढत नव्हता. चष्मेवाल्याला बघून तो उठला. “या, भावोजी, बसा,” म्हणाला. दोघं शाळेपासून अरेतुरे करणारे. भावोजी हा शब्द फक्त चेष्टेत निघायचा, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

चष्मेवाला बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं ओकून टाकलं. टेप, सूर, रेकॉर्डिस्ट, अर्धा सूर वर, सगळं. तुझा हात तेव्हा जसा होता तसाच आजही आहे, मी स्वतःच्या कानांनी ऐकून आलोय, तुला काहीही झालेलं नाही. चूक माझी. मी त्या दिवशी जे बोललो त्याची मला लाज वाटते, तोंड दाखवायची लाज वाटते. कार्यक्रमाला तूच बस. मी खालच्या सुरात गाईन, आपण जसं वाजवत होतो तसंच वाजवू, लोकांना काय वाटायचं ते वाटो.

ढब्याने दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मग ते मांडीवर ठेवले. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत. मोठ्ठा श्वास सोडला त्याने, कितीतरी दिवस कोंडलेला. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. झालं, मिटलं, असं त्याला वाटलं. त्याने हात पुढे केला.

ढब्याने तो घेतला नाही. त्याने शांतपणे विचारलं, “रेकॉर्ड चुकीची निघाली म्हणून आलात. बरोबर असती तर? मला खरंच वडिलांचं दुखणं लागलं असतं, तर आला असतात?”

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. ‘आलो असतो’ हे दोन शब्द अगदी जिभेवर होते, आणि ढब्या त्याच्याकडे बघत होता. खोटं बोलायचीही लाज वाटायला लागली की माणसाकडे फारसं काही उरत नाही.

“नसतो आलो,” तो म्हणाला.

ढब्याने मान हलवली. मग मोटर जवळ ओढली, पेचकस उचलला आणि पहिल्याच फिरकीत स्क्रू सोडवला, मग दुसरा, मग तिसरा. चष्मेवाला दारात उभा राहिला. त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.